गल्लीचे माप

खण्ण! टेलरताईंनी कात्री टेबलावर टाकली आणि घरातली शांतता मोडली. खिळ्याला टांगलेली मी दचकलेच.

मित्रांनो, मी त्यांची जुनी टेप. दीड मीटर लांब, एके काळी लख्ख पिवळी. कारखान्यातून आले तेव्हा माझे आकडे टपोरे होते. अंगठ्यांनी घासून निम्मे पुसले. बावीस वर्षे छाती, कंबर, बाही, एवढेच माझे जग. "हिचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे गिऱ्हाइके म्हणत. मग नवी गुळगुळीत टेप आली आणि मी खिळ्यावर गेले.

कात्री टाकण्याचे कारण समोरच होते, परत आलेला अर्ज. महिन्यापूर्वी संध्याकाळी गल्लीत कुणीतरी ताईंच्या सासूबाईंना ढकलून पिशवी पळवली. चोर सापडला नाही. तेव्हापासून म्हातारीने उंबरा ओलांडला नव्हता. ताईंनी कचेऱ्या पालथ्या घालून एक सरकारी योजना शोधली. वस्तीतले गुन्हे थांबावेत म्हणून दिवे, बाके आणि बंद वाचनालय उघडायला निधी. पण अर्जासोबत मोजमापाचा नकाशा हवा, तोही सोमवारपर्यंत! नकाशा काढणाऱ्याला महिनाभर सवड नव्हती.

"मापच हवं ना?" ताई उठल्या आणि लेकीकडे वळल्या. "मग इतकी वर्षं मी काय माशा मारत होते? चिमे, ती जुनी टेप काढ. मळली तरी चालेल."

रविवारी सकाळी मी रस्त्यावर आडवी झाले. बाप रे, केवढे ते आकाश!

"टेलरताई, गल्लीला सदरा शिवताय की काय?" वेल्डरकाका दारातून ओरडले.

"शिवतेय ना, उजेडाचा! नुसते दात काढू नका, टोक धरा."

त्यांनी धरले. मग शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. एरवी एकमेकांकडे न बघणारी माणसे मला हातोहात पुढे देत होती. खरबरीत हात, साबणाचे ओले हात, थरथरते हात. दोनशे वेळा मी अंथरली गेले. तीनशे मीटर! माझ्यासारख्या चिंधीने रस्ता मोजला, यावर माझाच विश्वास बसेना. ज्याने टोक धरले, त्याने ताईंनी काढलेल्या नकाशावर आपल्या घरापुढे सही केली.

आठवड्याने अधिकारी पोलादी टेप घेऊन आले. मोजून झाल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, सहा मीटर कमी लिहिलेत."

ताईंचा चेहरा उतरला. दोष माझा होता, मित्रांनो. ओढून ओढून मी दोन बोटे ताणली गेले होते. दर खेपेला गल्ली तेवढी कमी भरली.

अधिकारी सह्यांवरून बोट फिरवत राहिले. "एवढ्या घरांनी टोक धरलं?"

"एकूण एक घरानं, साहेब."

"मग सहा मीटर मी वाढवतो. एक दिवा जास्त लागेल."

म्हणून सांगते, जुन्याला टाकू नका. पण अधूनमधून नव्याशी ताडून बघा.

मंजुरीचे पत्र आले तेव्हा सासूबाईंनी ते दोनदा वाचून घेतले, आणि चपला मागितल्या. ताईंनी डोळे पुसत मला गुंडाळायला घेतले. चिमी शेजारीच उभी होती.

"आई, आजीला ढकलणारा आपल्याच गल्लीतला असेल?"

"असेलही, बाळा."

"मग त्यानंही टेपचं टोक धरलं असेल का गं?"