घटनास्थळाचा रिकामा रकाना

मित्रांनो, चाकण रस्त्यावरच्या एका पोलीस चौकीतला मी बारा वर्षांचा संगणक. तळवड्याच्या एका कंपनीने नवे संगणक घेतले, तेव्हा मला इथे देऊन टाकले. आलो त्या दिवशी मला हार घातला, पेढे वाटले. हवालदार उद्धवराव सगळ्यांना सांगत, "लई गुणाचं यंत्र हाय." आता तेच मला डबडे म्हणतात. त्याचे मला काही वाटत नाही. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची.

एका सोमवारी वर्षाली आली. ती कारखान्यात सुटे भाग तपासते. लग्न जुळवणाऱ्या एका खोट्या वेबसाइटवर कुणीतरी तिचा फोटो, नाव आणि कारखान्याचा पत्ता टाकला होता. सुट्टी झाली की गेटवर अनोळखी पुरुष थांबत. घरच्यांनी बजावले होते, शनिवारपर्यंत हे थांबले नाही तर नोकरी बंद.

"वेबसाइट कुठली?" उद्धवरावांनी विचारले.

"सर्व्हर परदेशात आहे."

"मग घटना तिकडंच घडली की! आमची हद्द नाल्यापर्यंतच हाय, ताई."

"घराजवळच्या चौकीत म्हणाले, कारखान्याजवळच्या चौकीत जा. तुम्ही म्हणता परदेशात जा. पासपोर्ट काढू का, काका?"

घटनास्थळाचा रकाना रिकामा राहिला, आणि तो भरल्याशिवाय मी तक्रार पुढे पाठवत नाही. मंगळवारीही तेच. बुधवारीही तेच! वेबसाइटवरचे तिचे पान समुद्राखालच्या तारांतून माझ्यापर्यंत यायला एक सेकंदही लागत नाही. गुन्हा परदेशातून झाला, तरी त्यात भारतातला संगणक गुंतला असेल तर आपला कायदा लागू होतो. हे माझ्याच पोटातल्या एका फाइलमध्ये आहे. ती कुणी उघडत नाही.

गुरुवारी वर्षालीने ते पान माझ्यावरच उघडले. फोटोखाली ताजा निरोप होता: 'आज सहाला गेटवर येतो.'

"गेट कुठल्या देशात आहे, काका?"

उद्धवरावांनी पडद्यावर बोट ठेवून निरोप वाचला. "नाल्याच्या अलीकडं," ते हळूच म्हणाले. मग खुर्ची ओढून त्यांनी एकेक अक्षर शोधत रकाना भरला: कारखान्याचे गेट.

सहा वाजता ते स्वतः तिथे उभे राहिले. शुक्रवारी, शनिवारीही. वर्षालीची नोकरी टिकली. वेबसाइटवाल्यांनी कळवले, तुमचा कायदा आम्हाला लागू नाही. एकोणीस दिवसांनी सरकारी आदेशाने ते पान भारतात दिसेनासे झाले. बाहेर ते अजून आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्यासमोर कुणी गाऱ्हाणे घेऊन उभे राहिले, तर आधी त्याला बसायला खुर्ची द्या आणि लिहून घ्या. हद्द मग बघू.