दोघांची जागा

मरायची काही घाई नव्हती. काकांची तब्येत ठणठणीत होती; बीपीची एक गोळी सोडली तर डॉक्टरांनाही त्यांच्यात रस उरला नव्हता. तरी एका रविवारी चर्चमधून घरी आल्यावर बूट काढता काढता ते म्हणाले, "मला गावी न्यायचं."

काकू कुकर लावत होत्या. "कधी?"

"मेल्यावर."

"मग आधी जेवून घ्या."

त्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं होतं की हे जग काही आपलं खरं घर नव्हे. मंडळीतल्या सगळ्यांनी हे याआधी अनेकदा ऐकलं होतं, मान डोलावली होती आणि बाहेर येऊन चहा घेतला होता. काकांनी मात्र या खेपेला ते मनावर घेतलं. फक्त पाळकसाहेबांचा रोख स्वर्गाकडे होता आणि काकांना आपला गाव आठवला.

त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. ऐन तरुणपणी ते या परक्या शहरात आले ते सिटी बस चालवायला, आणि निवृत्त होईपर्यंत डेपो ते बाजार आणि बाजार ते डेपो एवढा एकच रस्ता त्यांनी चालवला. "मी चालवलेलं अंतर मोजलं तर पृथ्वीला कितीतरी फेऱ्या होतील," असं ते पाहुण्यांना सांगत. "आणि दर फेरीला डेपोतच उतरलात," असं काकू आतून म्हणत. काकू स्वतः सरकारी हॉस्पिटलच्या शिवणखात्यात होत्या. चादरींना टीप, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन. सुरुवातीला इथली भाषा येत नव्हती, तेव्हा मशीनच्या आवाजात मनसोक्त रडता येई. त्या नोकरीतली ती एकच सवलत होती.

इकडे यायचं ठरलं तेव्हा काकूंना कुणी विचारलं नव्हतं. काका एका संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "प्रभूने दार उघडलंय. निघायचंय आपल्याला." खुद्द प्रभूचं नाव घेतल्यावर हुज्जत कोण घालणार? काकूंनी सामान बांधलं. पहिली काही वर्षं त्या रोज प्रार्थनेत, ते दार तेवढं उघडंच ठेव, मला परत जायचंय, असं प्रभूला बजावत. मग मुलगी झाली, तिला दात आले, तिची शाळा सुरू झाली, आणि ती प्रार्थना कधी मागे पडली ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

ती मुलगी आता जवळच राहत होती आणि तिला स्वतःची दोन मुलं होती. बाबांचा बेत ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, तिथे कबरीवर कोण येणार तुमच्या? आम्ही सगळे इथे."

"पुनरुत्थानाच्या दिवशी मला माझ्या माणसांत उठायचंय. डोळे उघडल्यावर सगळे अनोळखी चेहरे नकोत."

"आणि आई?"

काकांनी एवढा पुढचा विचार केला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. "आई येईल की."

"मी कुठेही येणार नाही," काकू म्हणाल्या. "मागच्या वेळी आले तेवढं पुरे."

प्रकरण पाळकसाहेबांकडे गेलं. देवाच्या दृष्टीने सगळी माती सारखीच, असं ते म्हणाले. निकाल आपल्या बाजूने लागला असं समजून दोघंही घरी आले आणि परत भांडले. शेवटी मुलीनेच तोडगा काढला. मेल्यावर जायचंच आहे, तर जिवंतपणी एकदा जाऊन जागा बघून या, म्हणाली.

अशी ती दोघं बऱ्याच वर्षांनी गावी गेली.

काकांचा चुलतभाऊ तिथल्या चर्चची देखभाल करत असे. तो त्यांना मागच्या दफनभूमीत घेऊन गेला. दगड एकमेकांना इतके खेटून होते की तिघांना तिरकं होऊन चालावं लागत होतं. काकांच्या वडिलांची कबर सापडली. काकांनी टोपी काढली, डोळे मिटले, प्रार्थना केली, मग आजूबाजूची जागा न्याहाळत म्हणाले, "मला इथे, बाबांच्या शेजारी."

चुलतभाऊ जरा घुटमळला. "दादा, शेजारी कुठली जागा? आता वरच ठेवतात. तुझ्या बाबांच्या वर आत्याला ठेवली. तिच्यावर आपला मधला भाऊ. तुला चौथा घेता येईल. तूही आमचाच ना."

"आणि ही?" काकांनी काकूंकडे बोट दाखवलं.

"वहिनींचं कठीण आहे. पाचवा माणूस नाही मावत."

काकांनी अख्खा जन्म, गाडी भरली, मागच्या बसने या, असं लोकांना सांगण्यात घालवला होता. ते ऐकून घ्यायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. काकूंनी मात्र समजूतदारपणे मान हलवली.

"म्हणजे यांना बसायला जागा आहे, मी उभ्याने," त्या म्हणाल्या.

इथे खरं तर काकू जिंकल्या होत्या आणि त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या गावी आपल्या आईच्या कबरीवर गेल्या. त्या गावात माणसं थोडी आणि जमीन भरपूर, त्यामुळे तिथे सगळं मोकळं होतं. आईवडील बाजूबाजूला होते. काकूंनी गवत उपटलं, दगड पदराने पुसला आणि टेकल्या. आई गेली तेव्हा त्या शिवणखात्यात होत्या. बातमी पोचली तोवर मूठमातीही होऊन गेली होती. साहेबांनी लवकर घरी जायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, राहू दे, चादरी अर्ध्यावर आहेत. तेव्हाचं राहिलेलं रडं आता आलं, आणि कितीतरी वेळ थांबेना. काका थोडे लांब उभे राहिले. मध्येच येऊन त्यांनी रुमाल दिला आणि परत लांब जाऊन उभे राहिले.

परतीच्या विमानात जेवणाचे ट्रे उचलून नेल्यावर काकू म्हणाल्या, "मला आईजवळ ठेवा."

काका दचकले. "अगं, आता मी आपल्या शहरातच राहायला तयार झालोय!"

"राहा ना. तुम्हाला कोण उठवतंय?"



परतल्यावर पुढच्याच आठवड्यात काकांनी शहराबाहेरची दफनभूमी बघायचं काढलं. काकू नको नको म्हणत सोबत गेल्या. जागा उतारावर होती, हिरवीगार आणि प्रशस्त. तिथला रखवालदार बुटका, थकलेला माणूस होता. त्याने दोन माणसांची एक जागा दाखवली. काकांनी ती पावलांनी मापली, हातातली पिशवी काकूंकडे दिली आणि सरळ गवतावर उताणे झोपले.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, उठा! तो माणूस बघतोय."

"बघू दे, बाई," रखवालदार म्हणाला. "पुष्कळ जण झोपून बघतात. नंतर तक्रार करता येत नाही ना."

तो कोपऱ्यात नळ बंद करायला गेला. काका आकाशाकडे बघत होते. छातीवर हात घेतलेले, पायात बूट.

"ऐसपैस आहे," ते म्हणाले. "अगं, तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं."

"कधी?"

"आपण इकडे आलो तेव्हा. प्रभूने दार उघडलं म्हणालो. दार त्याने उघडलं असेल, पण तुला आत ढकललं मी. आता तू ठरव. आईजवळ म्हणालीस तर तिकडे. मीही तिकडेच येतो. बाबांजवळ तसाही मी चौथा."

इतक्या वर्षांत या माणसाने त्यांना भाजी कुठली आणू हेदेखील विचारलं नव्हतं. त्या पिशवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. उताराखाली एक बाई कबरीवरचं गवत कातरत होती. तिने यांच्याकडे पाहून ओळखीचं असल्यासारखा हात केला, आणि काकूंचाही हात आपसूक वर गेला.

"आईला सोबत आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "बाबा शेजारीच आहेत. आणि पोरीला एवढ्या लांब कशाला धावायला लावायचं? मी धावू शकले नव्हते, मला माहितीये ते."

"म्हणजे इथे?"

"इथे. पण मी डाव्या बाजूला. उजव्या कुशीवर तुम्ही घोरता."

काका उठायला लागले, पण गुडघ्याने साथ दिली नाही. काकूंनी पिशवी खाली ठेवली, एक हात धरला, नळ बंद करून आलेल्या रखवालदाराने दुसरा धरला, आणि दोघांनी मिळून काकांना त्यांच्या जागेवरून उठवलं.

मग रखवालदाराशी गप्पा झाल्या. काका बस चालवत होते हे कळल्यावर त्याचे डोळे चमकले. म्हाताऱ्या माणसांना फाटकापासून कबरीपर्यंत न्यायला तिथे बॅटरीवरची एक छोटी गाडी होती, पण ती चालवणारा नोकरी सोडून गेला होता. काकांनी गाडीला एक चक्कर मारली, आरसा नीट केला आणि सीटवर बसून बघितलं. पुढच्या आठवड्यापासून ते जायला लागले. फुलं मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांना ते सावकाश चढ चढवून नेतात, त्यांचं होईपर्यंत थांबतात आणि परत आणून सोडतात. घरी आल्यावर कोण काय बोललं ते काकूंना सांगतात. बसमध्ये त्यांच्याशी कधी कुणी बोललं नव्हतं.

परवा मुलीचा फोन आला. "आई, बाबा कुठायत? फोन उचलत नाहीयेत."

"दफनभूमीत," काकू म्हणाल्या.

"काय?" मुलगी ओरडली.

"कामाला गं," काकू म्हणाल्या. "येतील जेवायला."