केळीतले स्वामी

आमच्या गावात हत्तीला हत्ती म्हणत नाहीत. जंगल बांधाला लागून. नाव घेतलं की येतो, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हणून आम्ही त्याला स्वामी म्हणतो. स्वामी आले, स्वामींनी केळी खाल्ली, स्वामींनी मरय्याला तुडवलं. एवढा मान देऊनही त्याने कधी कुणाची भीड ठेवली नाही.

त्या वर्षी शेजारच्या मादप्पाने शबरीमलैच्या यात्रेसाठी अय्यप्पाची व्रताची माळ घातली. माळ घातलेल्यालाही स्वामीच म्हणायचं, अगदी बायकोनेसुद्धा. मादप्पा एरवी दारूत बुडालेला. माळ घातली आणि बाटली सुटली. काळी लुंगी नेसून तो दिवेलागणीला केळीतल्या वाटेने घरी येऊ लागला. त्याची बायको पुट्टतायम्मा पाय धुवायला पाणी घेऊन त्याला वाटेतच सामोरी जायची.

"नवऱ्याची एवढी सरबराई कधी केली नव्हतीस गं," मी चिडवायची.

"अक्का, ते तरी एवढे शुद्धीत कधी आले होते? शबरीमलैहून आले की माळ निघणार. तोवर तरी मिरवू दे मला."

एका संध्याकाळी त्याला उशीर झाला. ती तांब्या घेऊन माझ्या दारात आली. तोंड सुकलेलं.

"दारूच्या दुकानाकडे तर वळले नसतील ना, अक्का?"

"गळ्यात माळ असताना? काहीतरीच बोलू नकोस."

तेवढ्यात मचाणावरून राखणदार केंचय्या ओरडला, "स्वामी आले! केळीत आले!"

तो ओरडला की आम्ही दारं लावतो. मी कडीला हात घातला, आणि तिचा चेहरा उजळला.

"आले बाई," म्हणत ती पळाली.

"पुट्टी, ते नव्हेत! मागे फिर!"

केळी मोडल्याचा आवाज आला. मग तांब्या पडल्याचा.

मादप्पा देवळात भजनाला थांबला होता. शुद्धीत होता. घरात सुतक आलं, तशी यात्रेकरूंच्या म्होरक्याने, गुरुस्वामींनी, त्याची माळ उतरवली.

केंचय्या आता सरळ हत्ती म्हणून ओरडतो. म्हातारेही त्याला अडवत नाहीत.

मादप्पा मात्र रोज पिऊन दिवेलागणीला केळीत उभा राहतो. "या स्वामी," म्हणून जंगलाकडे हाका मारतो. मी शिव्या देत त्याला घरी ओढून आणते. कधीतरी मला उशीर होणार, हे त्यालाही माहीत आहे.