चॉपिंग बोर्डावरचा पंजा

सगुणाबाईंच्या ओट्यापुढे सकाळपासून एवढ्या बाया जमल्या, की मळ्यातली फुलं तोडायला कुणी उरलंच नाही. प्रत्येकीला पंजा पाहायचा होता. धाकट्या सुनेनं, उज्ज्वलानं, देवळाली कॅम्पच्या बाजारातून हौसेनं आणलेल्या लाकडी चॉपिंग बोर्डावर तो उमटला होता. काळाकुट्ट, बोटं वेगवेगळी.

"अन् वाढतोय बरं का," सगुणाबाई कुजबुजल्या. "आधी करंगळी नव्हती."

नाथा भगत पाटावर डोळे मिटून बसला होता. "वस्तू कुणाची? धाकटीची. धाकटीला कितवा? सातवा. मग पंजा कुठं चाललाय, हे म्या सांगायला पायजे का?"

भगताची खुबीच ही. तो प्रश्नावर येऊन थांबे. उत्तरं घाबरलेली माणसं आपली आपणच देत, वर नारळही देत.

उपाय ठरला. बोर्ड लाल फडक्यात बांधायचा, सकाळ-संध्याकाळ तीर्थ शिंपडायचं, ऊन दाखवायचं नाही. पंजा हटेस्तोवर धाकटीनं येवल्याला माहेरी राहायचं. आणि रोज चिमूटभर भगताचा अंगारा खायचा, रक्तवाढीच्या गोळ्या बंद, कारण अंगाऱ्याला दुसरं औषध चालत नाही.

थोरली सून शुभांगी हायस्कुलात विज्ञान शिकवी. शाळेत वर्गच्या वर्ग तिचं ऐके. घरात मांजरही ऐकत नसे.

"आई, ती बुरशी आहे," ती म्हणाली. "खरकटं म्हणून आपण बोर्ड रात्रभर भांड्यांबरोबर बादलीत भिजत टाकतो. सकाळी तसाच ओला टाकीमागं सारतो. स्टीलला चालतं ते. लाकूड पाणी पितं."

"बुरशीला बोटं असत्यात व्हय?"

"सुरीच्या खाचा आहेत त्या. खाचेत ओल राहते, बुरशी तिथंच धरते."

"शाळेतलं शाळेत ठेव, बाई."

एसटीत बसताना उज्ज्वलानं शुभांगीचा हात धरला. "ताई, तुम्ही सांगा ना त्यांना. पोरांना दम देता तसं."

"सांगितलं गं," शुभांगी म्हणाली. एवढंच म्हणता आलं.

मग तिनं तसाच नवा बोर्ड आणला आणि करवतीनं मधोमध कापला. एक तुकडा लाल फडक्यात बांधून त्यावर रोज नळाचं पाणी शिंपडलं. दुसऱ्यावर रोज भाजी चिरली; पण चिरून झाली की लगेच धुतला, अधूनमधून मीठ-लिंबानं घासला, पुसून वाऱ्याला उभा केला.

पुढच्या पौर्णिमेला भगत आला, बाया जमल्या, तेव्हा तिनं दोन्ही तुकडे ओट्यावर ठेवले. वाऱ्यावरचा लख्ख. फडक्यातला काळ्या ठिपक्यांनी भरलेला, कुबट वासाचा.

"हे नळाचं पाणी," शुभांगी म्हणाली. "ना मंत्र, ना करणी. तुमचं तीर्थ आणि फडकंच पंजा वाढवतंय, भगतबाबा."

बाया पुढं वाकल्या. एकीनं वास घेऊन नाक मुरडलं. क्षणभर शुभांगीला वाटलं, जमलं.

नाथानं सावकाश डोळे उघडले. "बघा. आता थोरलीच्या वस्तूवर आला."

वाकलेल्या बाया मागं सरल्या. सगुणाबाईंनी शुभांगीच्या पोराला जवळ ओढून घेतलं.

शुभांगीनं गच्चीवर जाऊन येवल्याला फोन लावला.

"गोळ्या घेतेस ना?"

"आई अंगारा देतीये, ताई. गोळ्या तिनं ठेवून दिल्यात."

"अंगारा कपाळाला लाव. गोळी पोटात जाऊ दे. माग आईकडं. ऐकतेस ना?"

पलीकडून "आई" अशी हाक ऐकू आली नि फोन बंद झाला. गोळ्या मिळाल्या की नाही, ते कळलं नाही.

बायांनो, लाकडाचा बोर्ड भिजत घालू नका. धुऊन, पुसून उभा वाळवा, कधी तेलाचा हात फिरवा. बुरशी आत मुरली असेल तर सरळ फेकून द्या. आणि कुणी उपाय सांगितला, तर घाबरण्याआधी एवढंच विचारा: हा उपाय केलाच नाही तर काय होतं, ते कुणी करून पाहिलंय का?