उशाला राहिलेला ठोकळा

मित्रांनो, रस्त्यात पडलेला दिसलो तर तुम्ही मला उचलून चुलीत घालाल, इतका मी साधा आहे. बाभळीच्या खोडाचा एक तिकोनी ठोकळा. बीरगांवच्या सुताराने मला तासले आणि मी बंडूभाऊंच्या ट्रकवर कामाला लागलो. गाडी उतारावर उभी राहिली, की मला मागच्या चाकाखाली सारायचे. एवढेच माझे काम.

बंडूभाऊ मूळचे गोंदियाचे. अकरा वर्षे त्यांनी मला जपले. दसऱ्याला गाडीबरोबर मलाही हळदकुंकू लावत. चाकाखाली सारल्यावर दोन लाथा मारून पाहत, मगच पाणी प्यायला जात. बाकीचे ड्रायव्हर हसत. "भाऊ, वहिनीले कधी इतकं जपलं काय?" असे विचारत. मला मात्र अभिमान वाटे.

हिंदी मुलखातल्या सिलतऱ्याच्या एका कारखान्यात आम्ही कोळसा नेत असू. गेटबाहेर तासन्‌तास रांग लागे. तेवढ्या वेळात भाऊ मला गमछ्यात गुंडाळून उशाला घेत आणि सीटवर आडवे होत. एप्रिलमधल्या त्या दुपारीही तसेच झाले. नंबर आला, मागून हॉर्न वाजू लागले, भाऊ दचकून उठले. आत जाऊन त्यांनी उतारावर गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि पावती घ्यायला खिडकीकडे धावले. मी सीटवरच राहिलो.

गाडीमागे कारखान्यातल्या शांताबाई सांडलेला कोळसा झाडत होत्या. गाडी हळूच मागे सरली. फार नाही, दीड हात. त्यांचा पाय चाक आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. ती किंकाळी मी ऐकली आणि जागचा हलू शकलो नाही.

सुपरवायझर यशदीप साहेबांनी वाकून चाकाखाली पाहिले. ठोकळा नव्हता. झाडणाऱ्या बाया जेवताना असले ठोकळे बसायला ओढून घेतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. साहेबांनी अहवालात तेच लिहिले, बाईने ठोकळा काढला म्हणून. बंडूभाऊंना विचारले, तेव्हा त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी तो होकार धरला.

तीन दिवस भाऊंनी मला सीटखाली लपवले. जेवणाचा डबा रोज भरलेलाच घरी जाई. चौथ्या दिवशी त्यांनी मला पिशवीत घातले आणि इस्पितळात नेले. शांताबाईंचा पाय गुडघ्याखाली कापला होता. त्यांची मुलगी लता उशाशी बसली होती. भाऊ काही बोलायच्या आधीच शांताबाई म्हणाल्या, "मले तर काई आठवत नाही, भैया. पण मीच काढला असन बसाले. साहेबानं वाचून दाखवलं, मी अंगठा देल्ला. माह्यापायी तुमची गाडी अडकून राहिली."

भाऊंनी मला पिशवीतून काढून खाटेवर ठेवले.

"बाई, तुम्ही काई काढलं नाही. मी लावलाच नव्हता. हा माह्या उशाला होता."

लताने मला उचलून पाहिले. मग हिंदीत म्हणाली, "तीन दिन से आई खुद को कोस रही है, भैया. आप कहाँ थे?"

भाऊंनी मला पुन्हा पिशवीत घातले.

तिथून ते थेट पोलीस ठाण्यात गेले आणि घडले ते सांगितले. शांताबाईंवरचा ठपका निघाला. भाऊंची नोकरी गेली, लायसन्स जप्त झाले, खटला उभा राहिला. मी ठाण्याच्या कपाटात, सुतळीने चिठ्ठी बांधलेला, पुराव्याची वस्तू म्हणून पडलो आहे. गेलेला पाय कोणाच्याच सांगण्याने परत आला नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कामाला लागाल. घाई असेल, मागून कोणी ओरडत असेल आणि तुम्ही काहीतरी विसराल. गाडी सोडून जाण्याआधी एकदा वाकून चाकाखाली पाहा. आणि तरीही चुकलात, तर त्याच दिवशी सांगा. शांताबाईंचा पाय एका क्षणात गेला. ती चूक आपलीच, असे मानून त्यांनी तीन दिवस काढले, आणि त्यांतला एकही दिवस त्यांच्या वाट्याला यायला नको होता.