नगराळे ड्रायव्हरचं निदान

भीमराजने डाव्या हाताने डॅशबोर्डवर थाप मारली. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा, जोरात.

"काय झालं? मळमळते काय?" गाडी चालवता चालवता त्याच्या बायकोने, शीलाने विचारलं.

त्याने मान हलवली आणि नाकाला बोट लावलं. तेव्हा तिलाही वास आला. कढईतलं तेल गॅसवर विसरलं की येतो तसा, पण त्याहून कडू. ती काच खाली करते न करते तोच समोर ऑइलचा लाल दिवा लागला. तिने गाडी कडेच्या बाभळीखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून धूर निघत होता. मागे डांबरावर काळी, ओली रेघ दूरपर्यंत दिसत होती.

उमरी मागे पडली होती, मोहदा अजून यायचं होतं. बारा वाजता यवतमाळला मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर होता. तो मिळायला महिना लागला होता.

भीमराज नगराळेने एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याची अँब्युलन्स चालवली होती. पांढरकवड्याच्या आजूबाजूच्या कोलामांच्या पोडांवरून, तांड्यांवरून, भरल्या नाल्यांतून त्याने अडलेल्या बाया आणल्या. चार लेकरं तर त्याच्या गाडीतच जन्मली. निवृत्तीनंतर ही जुनी गाडी घेतली आणि तिच्या इंजिनाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. मग सात महिन्यांपूर्वी, आंघोळ करून बाहेर येताना, तो उंबऱ्यातच कोसळला. उजवी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला. वाचाही परत आली, पण भलतीच होऊन. पाणी हवं असलं की तो 'चप्पल' म्हणायचा. नातवाला 'कंडक्टर' म्हणून हाक मारायचा. लोक हसायचे. वाईट मनाने नाही, पण हसायचे. दोन महिन्यांपासून त्याने तोंडच मिटून घेतलं होतं. अंगणवाडीत दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना बोलतं करणारी शीला घरी येऊन एकटीच बोलत बसायची.

वळणापलीकडे टिनाचं एक गॅरेज दिसत होतं. शीला चालत गेली आणि तिथल्या मिस्त्रीला, लालसिंगला घेऊन आली. चाळिशीचा, मळक्या बनियनवरचा तो उंच माणूस. शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या दोघांना हाक मारून त्याने गाडी ढकलत शेडमध्ये घेतली.

"दिवा लागल्यावर किती चालवली, ताई?"

"लगेच बंद केली. आमच्या यायले वास आधीच आलता."

लालसिंगने आत बसलेल्या भीमराजकडे पाहिलं. "मंग वाचवलं काकानं. अजून दोन किलोमीटर चालवली असती तं इंजिन जाम झालं असतं." मग त्याने बॉनेट उघडलं. "ऑइल कवा बदलवलं? कोनं?"

"मीनंच बदलवलं. रयवारी. घरी."

त्याने भुवया उचलल्या. तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. "खालचा नट तं कोरडा हाय. तुम्ही आवळला बरोबर." खालून सगळं काळं आणि चिकट झालं होतं, वाऱ्याने तेल मागपर्यंत उडालं होतं. अशात ते कुठून येतंय ते कळेना. त्याने रॉकेलच्या फडक्याने इंजिन पुसलं, सुकू दिलं आणि वर चेहऱ्याला लावायची पावडर भुरभुरवली. गाडीच्या डिक्कीत रविवारी उरलेला ऑइलचा डबा होता, तो ओतला.

"आता फक्त पाच सेकंद चालू करा."

तिने चावी फिरवली. लालसिंग बॅटरीचा झोत धरून वाकला. पांढऱ्या पावडरीवरून एक काळा ओघळ झरझर खाली आला.

"बंद! बंद करा! फिल्टरपासून येऊन राह्यलं."

त्याने फिल्टर आवळायला घेतला. तो आधीच घट्ट होता, जराही हलेना. पुन्हा पाच सेकंद, पुन्हा तोच ओघळ. लालसिंग उभा राहिला, हात पुसत विचार करू लागला.

"ताई, फिल्टर घट्ट हाय तरी गळते म्हंजे फिल्टर बसते ते जागाच फाटली असंल. मंग माह्या हातचं काम नाही. दुसऱ्या गाडीमागं टोचन लावून यवतमाळले न्या लागंल, इंजिन उतरवा लागंल."

शीला तिथल्या टायरवर बसली. गाडी गेली म्हणजे यवतमाळच्या फेऱ्या गेल्या. एसटीच्या पायऱ्या भीमराजला चढता येत नव्हत्या. तिला वाटलं, आपणच केलं हे. कशाला हात लावला? त्याचं काम होतं ते.

"बांगडी."

दोघांनी वळून पाहिलं. भीमराजने गाडीचं दार उघडलं होतं. कपाळावर घाम आला होता.

"बांगडी," तो पुन्हा म्हणाला. मग डाव्या हाताची दोन बोटं वर केली. "दोन. बांगडी… दोन."

"काकाले पानी द्या, ताई," लालसिंग हळूच म्हणाला. "उन्हानं तरास होऊन राह्यला असंल."

शीला उठली, पण पाण्याच्या बाटलीकडे गेली नाही. तिला रविवारची सकाळ आठवली. ती अंगणात पोतं अंथरून गाडीखाली, आणि तो प्लास्टिकच्या खुर्चीवर. जुना फिल्टर निघाला तेव्हा तो दोन महिन्यांत पहिल्यांदाच बोलला होता: "बांगडी काढ. बांगडी!" तिला वाटलं, हातातल्या बांगड्या तेलात भरतील म्हणून सांगतोय. तिने हसत त्या काढून ओट्यावर ठेवल्या. तरी तो म्हणतच राहिला, खुर्चीच्या हातावर मूठ आपटू लागला, तेव्हा ती चिडली होती. "काढल्या ना आता! बसा ना उगे!" तो गप्प झाला होता. त्यानंतर आजपर्यंत एक शब्द नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "त्या फिल्टरले रबराची गोल रिंग असते ना? बांगडीवानी?"

"हाव, असते. नव्या फिल्टरसंग नवी येते."

"अन् जुनी?"

लालसिंगने तिच्याकडे पाहिलं, मग भीमराजकडे. तो पुन्हा गाडीखाली सरकला. पान्हा घसरण्याचा आवाज झाला, एक शिवी ऐकू आली. बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात फिल्टर होता, त्यावर नवी रिंग. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर दुसरी रिंग होती, चपटी आणि वाळून कडक झालेली.

"इंजिनले चिपकून राह्यली होती. तिच्यावरच नवी बसली. गावात चालली, पन लांब पल्ल्यावर ऑइलचा जोर वाढला अन् सरकली." त्याने मान हलवली. "वीस वर्सं झाली मले या धंद्यात. मी इंजिन उतरवाले निघालतो."

तो भीमराजपुढे उकिडवा बसला आणि ती रिंग त्याच्या डाव्या हातात ठेवली. "काका, तुमी मिस्त्री होय काय?"

भीमराजचे ओठ हलले. शब्द सापडेना. शीलाने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती थांबली.

"ड्रा…" तो म्हणाला. "ड्रायव्हर."

बरोबर शब्द होता. शीलाने तोंडाला पदर लावला.

"मले माफ करा," ती त्याच्याजवळ वाकून म्हणाली. "तुम्ही सांगतलं होतं. मीच आयकलं नाही."

त्याने तिच्या तेलकट मनगटावर हात ठेवला आणि थोपटलं, जसं तो अडलेल्या बाईच्या घाबरलेल्या आईला थोपटत असेल. शीलाला वाटलं, हा माणूस आत जसाच्या तसा शाबूत आहे. सात महिने आपण दाराबाहेर उभे होतो, एवढंच.

लालसिंगने जागा पुसून फिल्टर हाताने बसवला, पुन्हा पावडर भुरभुरवली, गाडीत ऑइल भरलं आणि इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं. पावडर पांढरीच राहिली. शीलाने दवाखान्यात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. तिकडची बाई म्हणाली, या, शेवटी घेऊ.

"तुमचे लय उपकार झाले, भाऊ."

"माहे कायले? काकायचे माना," लालसिंग म्हणाला आणि बॉनेट लावायला वळला.

भीमराजने हात वर करून त्याला थांबवलं. दाराला धरत तो उतरला, पाय ओढत इंजिनापाशी आला आणि ऑइल मोजायची पट्टी डाव्या हाताने ओढून काढली. पुसायला फडकं शोधलं नाही. डॉक्टरांकडे जायचं म्हणून शीलाने सकाळी इस्त्री केलेल्या पांढऱ्या सदऱ्यालाच त्याने ती पुसली, जणू ड्रायव्हरची खाकीच अंगात होती. आता पट्टी परत त्या बारीक नळीत घालायची होती. डाव्या हाताला त्याची सवय नव्हती. टोक नळीच्या काठावर लागायचं आणि घसरायचं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. लालसिंग मदतीला पुढे झाला. शीलाने त्याचा दंड धरला.

रस्त्यावरून कापसाचा एक ट्रक गेला. त्याच्यामागून दुसरा. भीमराज वाकून उभा होता. पट्टी नळीत शिरली आणि सरकत खाली गेली.