सुटले एकदाची रंगातून

मी या घराची मागची भिंत बोलतेय. भाजलेल्या लाल विटांची. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण कित्येक वर्षं माझ्याकडे बघून कुणाला ते कळायला वावच नव्हता.

मला उभारणारा गवंडी प्रत्येक वीट टिचकी मारून ऐकायचा. खणखणीत वाजली तरच घ्यायचा. मी उघडीच शोभत होते. पावसात भिजायचे, उन्हात वाळायचे, कुणाची काही तक्रार नव्हती.

मग घरातल्या बाबांना हौस आली. त्यांनी मला पिवळा रंग दिला. पुढे आतून ओलीचा डाग दिसला, की बाबा बाहेरून रंगाचा आणखी एक हात मारायचे. पिवळ्यावर हिरवा, हिरव्यावर निळा. माणूस मायाळू, पण ओल रंगाच्या आत कोंडली जातेय हे त्यांना कोण सांगणार? बाहेरची वाट बंद झाल्यावर ती आतल्या खोलीत उतरली.

त्या खोलीत त्यांची सून शिवणकाम करते. गिऱ्हाइकांच्या कापडांवर बुरशीचे ठिपके पडू लागले. एका बाईचा नवाकोरा झगा वाया गेला. सून कुणाशी भांडली नाही, पण काम बंद करून मशीन विकायच्या गोष्टी करू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रंगामुळेच ओल कोंडतेय हे शेवटी घरच्यांच्या लक्षात आलं आणि रंग काढायचं ठरलं. तिच्या नवऱ्याला सगळं झटपट हवं. त्याने वाळूचा फवारा मारणारं यंत्र भाड्याने आणलं. सून म्हणाली, आधी पावसाच्या पाण्याच्या पाइपामागच्या कोपऱ्यात मारून बघू. रंग उडाला खरा, पण विटेची भट्टीत पक्की झालेली सालही उडाली. तिने बोट फिरवलं, तर लाल भुकटी हाताला लागली.

"हे परत देऊन या," ती नवऱ्याला म्हणाली. "रंगाबरोबर भिंतच जाईल."

माझा जीव भांड्यात पडला.

मग रंगारी आला. त्याने रंग मऊ करणारा लेप फासून वर प्लॅस्टिक चिकटवलं. दुसऱ्या दिवशी लाकडी पट्टीने खरवडायला घेतलं, तर थर सायीसारखे निघाले. बाबा रुसून आत बसले होते. पण पिवळा दिसू लागल्यावर त्यांना राहवेना. हातमोजे चढवून आले, हा माझा पहिला हात, असं रंगाऱ्याला सांगितलं आणि तो स्वतःच खरवडून काढला.

धुऊनपुसून मी मोकळी झाले. वाळायला मात्र वेळ घेतला. बाबा रोज आतून हात लावून बघायचे आणि बोटं पुसत निघून जायचे. परवा मात्र तळवा टेकवून बराच वेळ उभे राहिले.

"कोरडी आहे गं," ते सुनेला म्हणाले. "मशीन विकू नकोस."

माझं एवढंच मागणं आहे. हौस असेल तर समोर कुंड्या मांडा, फाटक रंगवा, पण मला ब्रश लावू नका. काल सुनेने पांढरं कापड पसरलं. त्याचं टोक माझ्या अंगाला टेकलं. तिने ते बाजूला ओढलं नाही.